विद्यापीठातल्या संशोधनात पहिलं पाऊल: लॅब शोधण्यापासून काम हवाली करण्यापर्यंत

१९२१ चा मे महिना. टोरोंटो विद्यापीठातला चार्ल्स बेस्ट नुकताच पदवीच्या अभ्यासातून मोकळा झाला होता. वय २२. फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यचिकित्सकाला प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांनी आपल्या विभागात प्रयोगाला जागा दिली होती आणि हाताशी एक विद्यार्थी दिला होता, तो हा बेस्ट. त्याच्या वाट्याला आलेलं काम ऐकायला अगदी साधं होतं: कुत्र्यांच्या रक्तातली आणि लघवीतली साखर मोजायची, लिहून ठेवायची, पुन्हा मोजायची. स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यावर साखर उतरते आहे हे त्या आकड्यांतूनच दिसलं. जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने खंगलेल्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं.

लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. रोबो बनवायचा असो, आजारावर काम करायचं असो किंवा लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असोत, तुमचं पहिलं वर्ष बरंचसं मोजण्यात आणि लिहून ठेवण्यात जाणार आहे. त्याला दुय्यम समजू नका. पुढचं सगळं त्या नोंदींवर उभं राहतं. पदवीच्या वर्षांतच विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची रीत आता बरीच रुळली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये मार्गरेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने त्यासाठी स्वतंत्र योजनाच सुरू केली आणि त्या धर्तीवर पुढे अनेक विद्यापीठांनी योजना काढल्या. म्हणजे दार उघडं आहे. आत कसं जायचं आणि आत गेल्यावर काय करायचं, ते आता क्रमाने सांगते.

पायरी १: कुठे काय चाललंय ते बघा

विभागाच्या नावावर जाऊ नका. रोबोटिक्सचं काम यंत्र अभियांत्रिकीत चालतं तसं संगणक विभागात चालतं, आणि फिजिओथेरपीच्या इमारतीतही. अर्धांगवायूनंतर हाताची हालचाल परत यावी म्हणून रोबो बनवणाऱ्या गटात अभियंते असतात, डॉक्टर असतात, आणि आकडेवारी सांभाळणारा कोणीतरी लागतोच. अशा सांध्यावरच्या गटांत नवख्या विद्यार्थ्याला लवकर जागा मिळते असा माझा अनुभव आहे, कारण तिथे दोन्हीकडची थोडीथोडी भाषा समजणारी माणसं कायम कमी पडतात.

प्राध्यापकांच्या पानावर ‘संशोधनाची आवड’ म्हणून लिहिलेलं असतं ते अनेकदा जुनं असतं. त्यापेक्षा त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, शोधा. गूगल स्कॉलरवर नाव टाकलं की यादी मिळते. वैद्यकीय विषयांसाठी पबमेड, आणि संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, रोबोटिक्ससाठी आर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ, जिथे १९९१ पासून पेपर छापून येण्याआधीच खुले ठेवले जातात. यादी बघताना बहुतेक विज्ञान शाखांत पहिलं नाव कोणाचं आहे याकडे लक्ष द्या. पहिलं नाव वारंवार विद्यार्थ्यांचं असेल, तर त्या लॅबमध्ये विद्यार्थी स्वतःचं काम उभं करतात असं समजायला हरकत नाही.

पायरी २: विषयाआधी माणूस निवडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे पस्तावतात. विषय आवडीचा पण मार्गदर्शक दोन-दोन महिने भेटत नाही, अशा ठिकाणी हुशार विद्यार्थीही कोमेजतो. उलट, विषयाबद्दल फारसं माहीत नसताना केवळ चांगल्या मार्गदर्शकामुळे रमलेले कितीतरी जण मी बघितले आहेत.

त्यासाठी लॅबमध्ये आत्ता काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना गाठा. चहाच्या वेळी पाच मिनिटं बोलणं पुरतं. सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात? चूक झाली तर काय होतं? रोजचं काम कोण शिकवतं? या शेवटच्या प्रश्नाला ‘पीएचडी करणारी ताई’ असं उत्तर आलं, तर तिलाही भेटा. तुमची खरी गुरू बहुधा तीच असणार आहे.

पायरी ३: ईमेल

प्राध्यापकांना रोज ढिगाने ईमेल येतात. ‘मला आपल्या संशोधनात खूप रस आहे, कृपया संधी द्यावी’ अशी पत्रं एकसारखी दिसतात आणि एकसारखीच न उघडलेली राहतात. पत्र लहान ठेवा, पण तुम्ही त्यांचं काम वाचलं आहे हे त्यातल्या एखाद्या वाक्यातून कळू द्या. उदाहरणार्थ:

‘सर, नमस्कार. मी संगणक विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. चालताना तोल जाणाऱ्या रुग्णांवरचा आपला पेपर वाचला. त्यात सेन्सर कमरेला बांधला आहे. तो घोट्याला बांधला असता तर पाऊल अडखळण्याचा क्षण जास्त स्पष्ट दिसला असता का, असा प्रश्न पडला. मला पायथन येतं आणि गेल्या सत्रात मी सेन्सरच्या नोंदी वाचणारा एक लहान प्रोग्रॅम लिहिला होता. आठवड्याला आठ तास देऊ शकते. भेटायला पंधरा मिनिटं मिळतील का?’

एवढंच. प्रश्न चुकीचा असला तरी चालतो, स्वतःचा असला म्हणजे झालं. वेळ मात्र खराच सांगा. वीस तास कबूल करून पाच तास येणाऱ्यापेक्षा सहा कबूल करून सहा येणारी विद्यार्थिनी कोणालाही हवीशी वाटते. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. तरीही नाही आलं तर दुसऱ्या लॅबकडे वळा, मनाला लावून घेऊ नका.

भेट ठरली की जाताना वही न्या, आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा: पहिल्या महिन्यात मी नेमकं काय करायचं, कोणाला विचारायचं, आणि हे काम मानधनावर आहे, श्रेयांकांसाठी आहे की स्वेच्छेचं.

पायरी ४: पेपर वाचायला शिका

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. आधी शीर्षक आणि सारांश. मग आकृत्या आणि तक्ते, त्यांच्याखालच्या ओळींसह. मग निष्कर्ष. इथपर्यंत आल्यावर पेपर कामाचा वाटला तरच पद्धतीचा भाग सावकाश, पेन्सिल हातात घेऊन. एक पेपर नीट वाचायला सुरुवातीला चार-पाच तास लागतात, आणि त्यात काही गैर नाही. वाचून झाल्यावर तीन वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा: त्यांनी काय विचारलं, कसं मोजलं, कुठे अडलं. तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण तुमचा प्रश्न बहुधा तिथे दडलेला असतो. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून साठवा.

पायरी ५: नोंदवही

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे.

मी विद्यार्थिनी असताना आमचा गट म्हाताऱ्या माणसांसाठी एक वॉकर बनवत होता. पुढच्या बाजूला खाली इन्फ्रारेड सेन्सर बसवलेले होते. उंबरठा किंवा पायरी जवळ आली की वॉकरने हलकेच ब्रेक लावायचा. वॉकर सकाळी शहाण्यासारखा चालायचा आणि कधीकधी सपाट फरशीवर, समोर काहीही नसताना, खट्‌कन थांबायचा. दोन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत होते. सेन्सर बदलले, तारा बदलल्या. शेवटी आमच्यातल्या पीएचडी करणाऱ्या मुलीने माझी वही मागितली. मी प्रत्येक फेरीसमोर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहिलं होतं आणि, सुदैवाने, सवयीने वेळही. तिने चुकीच्या फेऱ्यांभोवती गोल काढले. सगळे गोल दुपारी साडेतीन ते पाचच्या मधले. आम्ही दोघींनी एकदमच पश्चिमेच्या खिडकीकडे बघितलं. तिरपं ऊन फरशीवर लांबवर आलं होतं. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि आमचे सेन्सर त्यानेच फसत होते. खिडकीला काळा कागद चिकटवला आणि वॉकर सरळ चालला.

कागद लावून प्रश्न सुटला नाही, कारण घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे ऊन येणारच. पण आता प्रश्न कोणता आहे ते कळलं होतं. वेळेचा रकाना नसता तर मी आणखी महिनाभर कोड चाळत बसले असते.

म्हणून वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, काय करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय केलं, काय झालं. यंत्र कोणतं, प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, बॅटरी किती भरलेली, खोलीत कोण होतं. पेनाने लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खाडाखोड करू नका, पान फाडू नका. जे ‘बिघडलं’ ते तर आवर्जून लिहा. १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये पीएचडी करणाऱ्या जोसलिन बेल रेडिओ दुर्बिणीतून निघणारा, दिवसाला सुमारे ३० मीटर लांब कागद डोळ्यांखालून घालत होत्या. त्यात एक बारीकशी खरखर त्यांना दिसली. अशीच खरखर आकाशाच्या त्याच भागातून आधीही आली होती हे त्यांना आठवलं. ती पुसट रेघ म्हणजे दर १.३३ सेकंदांनी येणारे ठोके निघाले, पहिला सापडलेला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणारा तारा. खराब नोंद म्हणून तो तुकडा बाजूला टाकणं सहज शक्य होतं.

पायरी ६: माणसांचा संबंध आला की आधी परवानगी

आरोग्याच्या संशोधनात हे सगळ्यांना माहीत असतं. रोबोटिक्सच्या मुलांना मात्र नसतं. तुमचा रोबो दहा मित्रांना वापरायला देऊन त्यांची मतं लिहून घेतलीत आणि ती छापणार असाल, तर तेही माणसांवरचं संशोधन आहे. वर्गात वाटलेली प्रश्नावलीही त्यात येते. नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी घ्यायची असते. मागाहून मिळत नाही. तिला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, तेव्हा वेळापत्रकात ती सर्वांत वर लिहा.

हे नियम रक्ताने लिहिले गेले आहेत. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली आणि तिचं पहिलंच कलम आहे माणसाची स्वेच्छेची संमती. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनातल्या नैतिकतेचा हेलसिंकीचा जाहीरनामा आला. तरीही अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ पासून शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांमधला सिफिलिस उपचार न करता नुसता ‘बघितला’ जात होता. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध हाताशी आल्यावरही तो प्रकार १९७२ पर्यंत तसाच चालू राहिला. संमतीपत्र भरून घेताना ते कंटाळवाणं वाटलं तर ही माणसं आठवा. समोरच्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, ‘मध्येच कधीही थांबता येईल’ हे स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि एखादी आजी थकलेली दिसली तर तुम्हीच थांबा.

दुसरी गोष्ट, कोणावर मोजताय ते बघा. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्याचे आकडे प्रत्यक्ष रक्तचाचणीशी ताडून पाहिले. प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असूनही यंत्राने ठीक दाखवला, असं गोऱ्या रुग्णांच्या मानाने कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडलं होतं. दशकानुदशकं दवाखान्यात असलेलं यंत्र. आपल्या प्रयोगात सगळे वीस-बावीस वर्षांचे, धडधाकट आणि एकाच वर्गातले असतील, तर निदान तसं स्पष्ट लिहा.

पायरी ७: डेटा

मूळ नोंदींची फाइल कधीही बदलायची नाही. तिची प्रत काढा आणि जे काय करायचं ते प्रतीवर. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत किंवा विद्यापीठाच्या सर्व्हरवर. रुग्णांची नावं आणि नोंदी एकाच फाइलमध्ये नकोत, आणि ती फाइल स्वतःच्या फोनवर तर नकोच. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात.

स्प्रेडशीटवर आंधळा विश्वास टाकू नका. एक्सेल ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाची गुपचूप तारीख करून टाकायचं. २०१६ मधल्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या भागात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

पायरी ८: यंत्राशी वागणं

हे थोडक्यात, पण मनापासून. रोबो पहिल्यांदा नेहमी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकलेत, चालवा. गझीबोसारखी मोफत साधनं आहेत. मग खऱ्या यंत्रावर, सर्वांत कमी वेगाने. चालू करण्याआधी आपत्कालीन थांबण्याचं लाल बटण कुठे आहे ते बघा आणि एकदा दाबून बघा. रोबोच्या हाताच्या टप्प्यात डोकं घालू नका, तो बंद दिसत असला तरी. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली असेल तर ती वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून घरी जायचं नाही. लॅबमध्ये रात्री एकट्याने काम करायचं नाही. यात काही बिघडलं, तुटलं, सांडलं तर त्याच दिवशी सांगा. लपवलेली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर फुटते.

सिम्युलेशनमध्ये उत्तम चाललेलं फरशीवर आल्यावर कोलमडतं, याने खचू नका. स्टॅनफर्डच्या एका गाडीने १९७९ मध्ये खुर्च्यांनी भरलेली खोली स्वतःच्या कॅमेऱ्याने बघत ओलांडली आणि तिला सुमारे पाच तास लागले. थोडं पुढे जायची, थांबायची, विचार करायची. तरीही आज स्वतः वाट काढणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात तिचं नाव आदराने घेतलं जातं.

पायरी ९: नाव कुठे येणार, हे आधी बोला

हा विषय काढायला विद्यार्थी लाजतात. लाजू नका. काम सुरू होतानाच विचारा: ‘मॅडम, यातून पेपर झाला तर माझा वाटा कसा धरला जाईल?’ वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घालून दिल्या आहेत: कामाच्या आखणीत किंवा डेटा मिळवण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम रूपाला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. फक्त मोजमाप करून दिलं, तर आभारात नाव येतं. म्हणून मसुदा लिहायला सुरुवात होते तेव्हा एखादा परिच्छेद मागून घ्या.

श्रेयाचं दुखणं जुनं आहे. पल्सारच्या पेपरात बेल यांचं नाव दुसरं होतं, पण १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्युइश यांना, मार्टिन राइल यांच्यासोबत मिळालं. इन्शुलिनचं १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं, बेस्टला नाही. बँटिंगने आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला दिली. तुमचा मार्गदर्शक बँटिंगसारखा असेलच असं नाही, तेव्हा बोलणं आधी झालेलं बरं.

आणखी एक. ‘आपला पेपर आठवड्यात छापू, शुल्क एवढं’ असे ईमेल तुम्हाला येऊ लागतील. मार्गदर्शकाला दाखवल्याशिवाय उत्तर देऊ नका. त्यापेक्षा विभागातल्या पोस्टर प्रदर्शनापासून सुरुवात करा. तिथे कोणीतरी थांबून ‘हे असंच का केलं?’ विचारतं, आणि त्या एका प्रश्नाने पुढच्या सत्राचं काम ठरतं.

पायरी १०: जाताना

सत्र संपतं, परीक्षा येतात, नोकरी लागते. लॅब सोडणं यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, न सांगता यायचं थांबणं मात्र टाळा. तीन आठवडे आधी सांगा. मग एक कागद लिहा: कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या प्रोग्रॅमने कोणता आलेख निघतो, कोणता सेन्सर कधीकधी खोटं बोलतो, काय करून बघितलं आणि जमलं नाही. तुमच्या जागी येणाऱ्या मुलाला शेजारी बसवा आणि त्या कागदावरून त्यालाच पूर्ण फेरी चालवायला सांगा. तुम्ही हात लावायचा नाही. तो जिथे अडेल तिथे कागदात ओळ घाला. सहसा पाच-सहा ठिकाणी अडतो.

वही लॅबचीच असते, ती तिथेच ठेवायची. माझ्या त्या वॉकरच्या वहीत मी जाताना पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पश्चिमेची खिडकी बघा’. दोन वर्षांनी तिथे नव्याने आलेल्या एका मुलाने मला फोन करून विचारलं, ‘ताई, खिडकीचं काय आहे?’ आणि आम्ही तासभर बोललो.